झाडांच्या साहेबांची कण्हेर

वीरण्णा कोरे यांना झाडांतलं काही कळत नव्हतं, ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको उमादेवी. वीरण्णांनी ती कुणाला सांगितली नाही, कारण कुणी विचारली नाही. उमादेवींनी सांगितली नाही, कारण नवऱ्याची शोभा करायचीच तर ती घरात करावी, चारचौघांत नाही, या मताच्या त्या होत्या.

तरीही सगळी गल्ली त्यांना 'झाडांचे साहेब' म्हणे. यात गल्लीचाही दोष नव्हता. लातूर नुकतंच उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झालं होतं. जिल्ह्याबरोबर आधी खाती आली, मग खात्यांच्या पाट्या आल्या, आणि इमारती अजून यायच्या होत्या. गावात जिथं म्हणून भाड्याची खोली होती तिथं कुठल्या ना कुठल्या खात्याचा माणूस येऊन पडला होता. पलीकडच्या गल्लीला पुरवठा खात्याचा माणूस मिळाला. त्यांची साखरेची ददात मिटली. अलीकडच्या गल्लीला वीजमंडळाचा मिळाला. या गल्लीच्या वाट्याला नांदेडहून बदली होऊन वीरण्णा आले. झाडं लावण्याचं एक नवंच सरकारी खातं निघालं होतं, त्यात ते होते. ज्या टेबलावर ते बसत तिथं झाड कधी आलं नाही, कागदच आले. पण कचेरीच्या पाटीवर झाडाचं चित्र होतं आणि गल्लीनं ते पाहिलं होतं.

वर्ष दुष्काळाचं होतं. जिल्ह्याबरोबर सगळं इकडं आलं, पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यात राहिला, असं कापडदुकानदार संगप्पा म्हणायचे. पण उस्मानाबादहून येणारे सांगत की तिकडंही तो नाही. टँकर यायचा तेव्हा यायचा. गल्लीतला मोगरा वाळला, जास्वंद गेली, तुळशीसुद्धा काड्या होऊन उभ्या राहिल्या. गल्ली सगळी शिवभक्तांची. सकाळी इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय चहा घशाखाली न उतरणारी माणसं. आता पूजेला फूल मिळेना. संगप्पा तर फुलाच्या आशेनं पहाटे हातात परडी घेऊन दुसऱ्यांच्या अंगणांतून फिरून येत; पण दुसऱ्यांच्या अंगणांत दुसरेच परडी घेऊन फिरत असायचे.

अशात कचेरीत कण्हेरीची काही रोपं उरली. नव्या रस्त्याच्या कडेनं लावायची होती, पण रस्ताच व्हायचा राहिला होता. शिपाई म्हणाला, "साहेब, एखादं घेऊन जावा घरी. मरत न्हाई ते." वीरण्णांनी एक नेलं आणि घरमालकीण रत्नम्माबाईंच्या अंगणात, फाटकाजवळ लावलं. आयुष्यात त्यांनी लावलेलं हे पहिलं झाड. ते जगलं. नुसतं जगलं नाही तर सगळी गल्ली करपलेली असताना ते हिरवंगार होऊन पांढऱ्या फुलांनी भरलं. पांढरं फूल म्हणजे महादेवाचं आवडतं. सकाळी फाटकाशी परड्यांची रांग लागू लागली.

"साहेब, हात लावताच झाड येतं तुमच्या," संगप्पा म्हणाले.

वीरण्णा नुसते हसले. त्या हसण्यात 'असंच असतं' हे होतं. माणूस बिघडायला एवढं पुरतं.

रत्नम्माबाई म्हणजे मुलींच्या शाळेत आयुष्य घालवून घरी बसलेल्या विधवा मास्तरीण. पोरबाळ नव्हतं. होती ती ठुमी, पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके असलेलं एक लाडावलेलं मांजर. बाई जेवायला बसल्या की ठुमी समोर बसायची, बाई पोथी वाचायच्या तेव्हा ती पोथीवर बसायची. एक दिवस फुलांची गर्दी असतानाच बाईंनी विचारलं, "साहेब, एक विचारू का?"

"विचारा की बाई."

"ही कण्हेर मांजराला काही करत नाही ना? आमची ठुमी सारखी तिच्या बुडाशी लोळत असते. पाल्यात तोंड घालते."

आता या प्रश्नाला तीन उत्तरं होती. करते, करत नाही, आणि मला माहीत नाही. तिसरं उत्तर खरं होतं आणि फुकट होतं. पण सरकारी नोकरीत 'मला माहीत नाही' हे वाक्य वरिष्ठांसमोर वापरायचं असतं, जनतेसमोर नाही. इथं तर सगळी जनता परडी घेऊन उभी होती. वीरण्णांनी एक पान तोडलं, उजेडात धरून पाहिलं, हुंगलं. पानाला कसलाच वास नव्हता. त्यांनी समाधानानं मान हलवली.

"बाई, महादेवाच्या मस्तकावर चढणारं फूल हे. देवाला चालतं, मग मांजराला न चालायला काय झालं?"

"अन् ही सरकारी कण्हेर हाय बाई," संगप्पांनी पुस्ती जोडली. "ज्वारी बघा, कापूस बघा, सगळं आता हायब्रीड निघालंय. ही बी तसलीच आसंल. काय साहेब?"

वीरण्णांनी मान अशा बेतानं हलवली की जो तो आपापल्या सोयीचा अर्थ घेऊन घरी गेला.

बाईंनी एकदा झाडाकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर मी बिनघोर झाले."

घरात उमादेवी भाकरी थापत होत्या. खिडकीतून त्यांना सगळं ऐकू आलं होतं. परातीतून नजर न उचलता त्या म्हणाल्या, "अहो, धोतरा बी महादेवाला चालतो. रुई बी चालती. उद्या सांगाल, रुईच्या चिकाची खीर करा."

"अगं, बोलायची एक पद्धत असते ती."

"महादेवानं हलाहल पचवलं. मांजरानं पचवल्याचं कुठल्या पुराणात हाय?"

वीरण्णांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि आंघोळीला गेले. आंघोळीला पाणी नाही हे त्यांना न्हाणीत गेल्यावर आठवलं. पण लगेच बाहेर येणं बरं दिसलं नसतं म्हणून ते आतच उभे राहिले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं. पण झाडांच्या साहेबांना आता कल्पना सुचू लागल्या होत्या. कण्हेरीखाली एक जुनी दगडी डोणी पडून होती. बाईंचे मालक होते तेव्हा त्यांची गाय तिच्यात पाणी प्यायची. वीरण्णांनी जाहीर केलं की दुष्काळात पूजेचं पाणी आणि निर्माल्य वाया घालवणं हे पाप आहे. सगळ्यांनी आपापलं पूजेचं पाणी फुलांसकट या डोणीत आणून ओतावं. त्यातलं तांब्याभर संध्याकाळी झाडाला जाईल आणि उरलेलं चिमण्यापाखरांना, मुक्या जनावरांना पिण्यासाठी राहील. "झाडालाही पाणी, जिवालाही पाणी," असं ते म्हणाले. संगप्पांनी डोणीवर नारळ फोडला. शेजारच्या तुळजाबाईंनी हळदकुंकू वाहिलं. वीरण्णा थोडं बोललेही. थोडंच बोलायचं होतं, पण लोक ऐकत होते.

गल्लीतल्या प्रत्येक घरात पाण्याच्या भांड्यावर झाकण आणि झाकणावर दगड होता. उघडं पाणी असं एकच, डोणीतलं. त्यात रोजच्या पूजेची कण्हेरीची फुलं तरंगत होती, कालची बुडाशी भिजत होती, परवाची कुजत होती. ठुमी तिथंच पाणी प्यायला लागली. वीरण्णांनी ते पाहिलं आणि कौतुकानं संगप्पांना बोलावून दाखवलंसुद्धा.

मग एका सकाळी टँकर आला. सगळे घागरी घेऊन धावले असताना रत्नम्माबाईंच्या घरातून हाक आली. ठुमी पलंगाखाली पडली होती. तोंडातून लाळ गळत होती. दोनदा ओकून तिची मान लुळी पडली होती.

टँकरची रांग तशीच ठेवून गल्ली आत लोटली. तुळजाबाई म्हणाल्या, दृष्ट लागली, मीठमोहऱ्या उतरून टाका. संगप्पा म्हणाले, एरंडेल पाजा. उदगीरला त्यांच्या मामाच्या मांजराला पाजलं होतं. ते मांजर जगलं का, असं कुणीतरी विचारल्यावर ते म्हणाले, "ते मला ठावं न्हाई, पण पोट साफ झालं."  रत्नम्माबाई खाली बसून ठुमीच्या पाठीवर हात फिरवत होत्या, आणि हात थांबला की ठुमीही थांबेल अशा भीतीनं फिरवत होत्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "काहीतरी करा."

वीरण्णांच्या सायकलला मागं कचेरीची रोपं नेण्याची करंडी बांधलेली असायची. तिच्यात गोणपाट घालून ठुमीला ठेवलं आणि ते जनावरांच्या दवाखान्याकडे निघाले. चौकात लोकांनी करंडीतून लटकणारी मान पाहिली.

"का हो साहेब," एकजण ओरडला, "झाडं जगंनात म्हणून आता मांजरं लावायलात का रस्त्याला?"

दवाखान्यासमोर बैलांची गर्दी होती. गुरांच्या छावणीत जनावर घालायचं तर आधी इथून तपासून घ्यावं लागे. कंपाउंडरनं रजिस्टर उघडलं, ठुमीकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"ह्याच्यात मांजर न्हाई. गाय हाय, बैल हाय, म्हैस हाय, शेळीमेंढी हाय, कोंबडी हाय."

"मग मांजर कशात बसतं?"

"आजवर आलं न्हाई." कंपाउंडरनं विचार केला. "शेळीत घालतो. शिंगं?"

"नाहीत."

"दूध देती का?"

"नाही. पिते."

"छावणीत घालायची का?"

वीरण्णांना संताप आला. पण तो दाखवायला लागणारा अधिकार आपल्याला या खात्यात नाही हे ओळखून त्यांनी तो गिळला. एका लहान, बिनशिंगी, भाकड शेळीचे मालक म्हणून त्यांनी सही केली.

डॉक्टर तरुण होते आणि बैल तपासून तपासून थकले होते. त्यांनी ठुमीच्या छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. "ठोके फार मंद पडतायत. मधेच चुकतायत. घराजवळ कण्हेर आहे का?"

"कण्हेर?" वीरण्णा म्हणाले. "म्हणजे फुलं येतात ती?"

"लांब पानं, पांढरी नाहीतर गुलाबी फुलं. कण्हेर माहीत नाही तुम्हाला?"

"असेल. गल्लीत कुठंतरी असेल. लावली असेल कुणीतरी."

"पान, फूल, खोड, मूळ, सगळं विषारी असतं तिचं. फुलं भिजलेलं पाणीसुद्धा. हृदयावर जातं ते. जनावरं वावरतात तिथं लोक लावतात कशी?"

"लोकांना कळत नाही, डॉक्टरसाहेब," वीरण्णा म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून इतकं सहज आणि इतकं दुःखानं निघालं, की ते बाहेर पडल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. खरं तर त्याच क्षणी ते मागे घ्यायला हवं होतं. पण डॉक्टर कोळशाची पूड पाण्यात कालवत होते, आणि कामात असलेल्या माणसाला अडवू नये.

डॉक्टरांनी ती पूड पाजली, एक इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं आणि दिवसभर ठेवून घेतलं. संध्याकाळी ठुमीनं डोळे उघडले. "वाचेल असं वाटतं," डॉक्टर म्हणाले. "पण ते पाणी कुठं असेल तर आजच्या आज बंद करा. दुसरं कुणी पिऊ नये."

वीरण्णांनी घरी येऊन ठुमीला बाईंच्या हवाली केलं आणि ते थेट डोणीपाशी गेले. पाणी ओतून द्यायचं होतं; पण दुष्काळात भरलेली डोणी मोरीत उपडी करणारा माणूस दिसला असता तर गल्लीनं कारण विचारलं असतं. म्हणून त्यांनी तिच्यावर एक पत्रा टाकला, पत्र्यावर धोंडा ठेवला, आणि कुणी विचारलंच तर 'डागडुजी' असं सांगायचं ठरवलं.

विचारायला कुणाला सवड नव्हती. गल्लीनं ठुमीच्या आजाराचा निकाल लावून टाकला होता.

"दूध," संगप्पा म्हणाले. "ग्यानोबाचं दूध."

ग्यानोबा हरंगुळहून सायकलीला किटल्या बांधून यायचा आणि गल्लीला रतीब घालायचा. दुष्काळात त्याची जनावरं गेली होती, एक म्हैस उरली होती. सकाळी बाईंच्या घरी दूध घालताना तो ठुमीच्या वाटीत आपण होऊन एक धार सोडायचा. आज सकाळी सोडली होती आणि मग ठुमी पडली होती.

"वैरण न्हाई, पेंड न्हाई, तरी दूध तेवढंच?" संगप्पा म्हणाले. "काहीतरी मिसळल्याबिगर व्हतंय का हे? डॉक्टर काय म्हनले, साहेब?"

सगळी गल्ली वीरण्णांकडे पाहू लागली. रत्नम्माबाई ठुमीला पदरात घेऊन दारात उभ्या होत्या. त्याही पाहत होत्या.

"पोटात," वीरण्णा म्हणाले, "काहीतरी गेलंय."

"दूधच!"

"तसं नक्की सांगता येत नाही."

जन्मात ज्या एका गोष्टीची त्यांना पक्की खात्री होती, तिच्याबद्दल ते असं बोलले.

दुसऱ्या दिवशी ग्यानोबा आला तर एकही पातेलं बाहेर आलं नाही. तो दारोदार फिरला. "आवो, म्या काय केलंव? माझी लेकरं बी ह्येच दूध पितेत!" दारं उघडली नाहीत. तो बाईंच्या पायरीवर थोडा वेळ बसला, किटल्यांची झाकणं उगीचच काढून पुन्हा लावली आणि गेला. वीरण्णा खिडकीच्या पडद्याआड उभे होते. आपल्याच घरात आपण चोरासारखे का उभे आहोत, असा प्रश्न त्यांना पडला, आणि उत्तर सोपं असल्यामुळे त्यांनी तो पुढं नेला नाही.

उमादेवींनी पुढ्यात चहा ठेवला. तो काळाभोर होता.

"यात दूध?"

"बंद हाय. गल्लीचा निर्णय हाय." उमादेवी पदर खोचत म्हणाल्या. "त्या माणसाची एक म्हैस राहिलीय. दूध कुणी घेतलं न्हाई तर पेंड कशातून घालील? इकावी लागंल तिला. दुष्काळात म्हैस कोण घेतंय, ठावं हाय ना? खाटीक."

"मी बघतो."

"बघतच हाव की आपण. पडद्याआडून."

वीरण्णा कचेरीत गेले. त्यांच्या मनात एक आशा होती की डॉक्टर चुकले असतील. खात्याचं मत वेगळं निघालं असतं तर लाज वाचली असती. झाडं खरोखर पाहिलेला असा एकच माणूस कचेरीत होता, त्याच्याकडे ते गेले. "एका माणसाची शंका आहे," ते म्हणाले. "कण्हेर मांजराला बाधते का?"

"तोंडी मत देता येत नाही," तो म्हणाला. "अर्ज करायला सांगा. साहेब उदगीरला दौऱ्यावर गेलेत, ते आले की त्यांच्यापुढं ठेवू."

"पण आपण रस्त्याच्या कडेला कण्हेरच का लावतो?"

"गुरं खात नाहीत म्हणून."

"का खात नाहीत?"

 हा प्रश्न खात्यात आजवर कुणी विचारला नव्हता. "सवय नसेल," तो शेवटी म्हणाला.

पुढच्या सोमवारी ग्यानोबा पुन्हा गल्लीत आला. या वेळी त्यानं कुणाचं दार वाजवलं नाही. मधोमध सायकल उभी करून म्हणाला, "बायानो, निरोप द्याया आलोय. उद्या म्हैस बाजारात न्ह्यायलोय. आजचं शेवटचं दूध हाय, कुत्र्याला घाला न्हाईतर सांडा. पर म्या काई मिसळलं न्हाई, महादेवाची आण."

वीरण्णा पूजेला बसले होते. कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढायची, त्यातलं एकच ओढून झालं होतं. ते तसेच उठले आणि बंडीवर बाहेर आले.  उमादेवींनी त्यांच्या वाटेतला पाट उचलून घेतला.

"ग्यानोबाचा दोष नाही," वीरण्णा म्हणाले. "माझा आहे. कण्हेर विषारी आहे. मला डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं. ठुमी डोणीतलं पाणी प्यायली. झाड मी लावलं, डोणी मी भरायला लावली, आणि मी गप्प बसलो."

 तुळजाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"काय मन हाय बगा साहेबांचं," त्या म्हणाल्या. "गरिबाची म्हैस वाचावी म्हणून आळ आपल्या अंगावर घेतला."

"अहो, आळ नाही, खरं आहे ते!"

"खरं मोठेपण ह्येच," संगप्पांनी हात जोडले. "असला हाकीम बगितला न्हाई. ग्यानोबा, पाय धर साहेबांचे."

ग्यानोबा गोंधळून खरंच वाकला. वीरण्णा मागं सरकले. "माझं ऐका! मला झाडांतलं काही कळत नाही! मी जन्मात एकच झाड लावलंय, तेही शिपायानं दिलेलं!"

"आन् गर्व बगा, तिळाएवढा न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या.

वीरण्णांनी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या होत्या आणि त्या सगळ्या लोकांना पटल्या होत्या. खरं बोलताना असा त्रास होतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ग्यानोबाच्या हातातलं माप ओढून घेतलं, किटलीत बुडवलं आणि ते कच्चं दूध सगळ्यांदेखत घटाघटा प्यायले. थोडं बंडीवरून ओघळलं.

"आता तरी पटलं? दुधात काही नाही!"

"जिवावर उदार झाले," संगप्पा हळूच म्हणाले. "पण लगीच कळत न्हाई साहेब. अंगात भिनायला येळ लागतो. थांबू थोडं."

आणि गल्ली खरंच थांबली. संगप्पा ओट्यावर बसले. तुळजाबाईंनी भिंतीला पाठ टेकवली. सगळे वीरण्णांकडे टक लावून पाहू लागले. कुणी म्हणालं, डोळे लाल दिसतायत. कुणी म्हणालं, घाम आलाय. एका कपाळरेषेनिशी, दुधानं भिजलेल्या बंडीत, झाडांचे साहेब गल्लीच्या मधोमध उभे होते आणि लोक त्यांच्या ओकण्याची वाट पाहत होते.

तेव्हा रत्नम्माबाई बाहेर आल्या. एका काखेत ठुमी होती, दुसऱ्या हातात पितळी फुलपात्र. त्या कण्हेरीपाशी गेल्या, पायानं धोंडा ढकलला, पत्रा सारला आणि डोणीत फुलपात्र बुडवलं. पाणी हिरवट झालं होतं. त्यात एक काळं पडलेलं फूल आलं. त्या येऊन वीरण्णांसमोर उभ्या राहिल्या.

"दूध प्यायलात ना साहेब? आता हे घ्या. एक घोट."



वीरण्णांनी फुलपात्र घेतलं. ते ओठांपर्यंत नेण्यासाठी हात उचलला, तो छातीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. पाणी त्यांच्या बोटांवर हिंदकळलं. त्यांनी घाईघाईनं बोटं धोतराला पुसली. मग फुलपात्र खाली ठेवलं. मान वर केली नाही.

आता मात्र गल्लीला पटलं. कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

"कण्हेर विषारी असते हे मला ठाऊक होतं, साहेब," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं तो शेवटच्या घरापर्यंत गेला. "चौथीच्या पोरींना शिकवलंय मी."

"मग विचारलंत कशाला?"

"तुमचं खातं आहे. म्हटलं, नवं काही निघालं असेल. तुम्ही महादेवाचं नाव घेऊन सांगितलंत, तेव्हा मी स्वतःचंच शिकवलेलं चूक धरलं, आणि हिला त्या झाडाखाली सोडलं." त्यांनी ठुमीला वर सरकवून घेतलं. "वर्गात 'येत नाही बाई' म्हणणाऱ्या पोरीला मी कधी मारलं नाही. ठोकून देणारीला मात्र छडी दिली."

"आमाला बी ठावं व्हतं," संगप्पा घसा खाकरत म्हणाले. "उदगीरला मामाची शेळी गेली व्हती कण्हेर खाऊन."

"मलाबी," तुळजाबाई म्हणाल्या. "आमच्या माहेरी लेकराला हात लावू देत न्हाईत."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" वीरण्णांचा आवाज फाटला.

संगप्पांनी खांदे पाडले. "म्हणलं, हायब्रीड आसंल."

बाईंनी फुलपात्र उचललं आणि त्यातलं पाणी रस्त्यावर फेकलं. कित्येक महिन्यांत त्या गल्लीत कुणी पाणी फेकलं नव्हतं. माती ते लगेच प्यायली. मग बाई घरात जाऊन पातेलं घेऊन आल्या आणि ग्यानोबासमोर धरलं. त्यांच्यामागं तुळजाबाईंचं आलं, संगप्पांच्या घरचं आलं, आणि थोड्या वेळानं उमादेवींचंही आलं. ग्यानोबा मापं ओतत राहिला. 

गर्दी पांगली. वीरण्णा त्याच्याजवळ गेले. "ग्यानोबा, माझं चुकलं. मी आधीच बोलायला हवं होतं."

"ऱ्हाऊ द्या साहेब." ग्यानोबानं झाकणं घट्ट केली. त्याच्या तोंडावर राग नव्हता, आणि राग असता तर वीरण्णांना बरं वाटलं असतं. "म्हैस राह्यली, बास झालं. बरं, सापडलाव तर इचारतो. मह्या बांधाला झाडं लावायचीत. म्हशीनं तोंड घातलं तरी चालंल आन् कमी पाण्यावर जगंल, असं कोणतं लावू?"

ओट्यावरून संगप्पांनी मान वळवली. तुळजाबाई दारातच थबकल्या. रत्नम्माबाई खिडकीशी आल्या.

 "मला माहीत नाही," वीरण्णा म्हणाले.

ग्यानोबा त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याला वाटलं होतं साहेब पुढं काही बोलतील. 

"मंग साहेब," त्यानं अगदी भाबडेपणानं विचारलं, "रोज तुमी त्या हापिसात करताव काय?"

"प्रवासभत्त्याची बिलं तपासतो," वीरण्णा म्हणाले.

त्या गल्लीत राहायला आल्यापासून त्यांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी ही एकच अशी निघाली, जिच्यावर सगळ्यांचा तत्काळ विश्वास बसला.